बर्कलीची गाय आणि विसरलेला घोडा

देवीच्या लशीचं माहेर म्हणून इंग्लंडमधलं एक खेडेवजा गाव जगाला माहीत आहे. पण त्या लशीतला विषाणू मुळात कुणाचा, हे कोडं दोनशे वर्षांनंतरही पुरतं सुटलेलं नाही.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर या दोन शहरांच्या साधारण मधोमध, सेव्हर्न नदीच्या सखल खोऱ्यात बर्कली नावाचं लहानसं गाव आहे. तिथे लोक येतात ते मुख्यतः किल्ला पाहायला. किल्ला पाहण्यासारखाच आहे. कित्येक शतकं जुना, आणि अजूनही बर्कली घराण्याकडेच असलेला. १३२७ साली दुसरा एडवर्ड हा पदच्युत राजा इथे कैदेत होता आणि इथेच त्याचा खून झाला, असं इतिहास सांगतो. ज्या खोलीत हे घडलं असं मानतात, तीही दाखवली जाते. राजाचा खून म्हटल्यावर गर्दी होणारच! किल्ला पाहून, चहा पिऊन बहुतेक मोटारी पुन्हा हमरस्त्याला लागतात.

थोडे लोक मात्र किल्ल्याशेजारच्या सेंट मेरी चर्चच्या आवारातून पुढे चालत जातात. या चर्चचा घंटेचा मनोरा चर्चला जोडलेला नाही, आवारात वेगळाच उभा आहे. जुन्या थडग्यांमधून गेलं की शेजारीच एक प्रशस्त पण साधं घर लागतं. घराचं नाव 'द चँट्री'. १७८५ साली गावातल्याच एका डॉक्टरनं ते विकत घेतलं. त्या डॉक्टरचं नाव एडवर्ड जेन्नर.

जेन्नर हे नाव शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचं. गवळण, गाय, माळ्याचा मुलगा आणि देवीची लस ही गोष्ट कुणालाही विचारा, पाठ असते. आणि आज ज्यांची वयं पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांच्या तर दंडावरच या घराची खूण आहे. गावात 'देवी डॉक्टर' आल्याची कुणकुण लागताच पोरं माळ्यावर, कणगीमागे लपत. आई शोधून काढी, डॉक्टर दंड धरी, आणि मग आठवडाभर तो दंड ठणकत राही. खपली पडली की उरे तो नाण्याएवढा गोल व्रण.

त्या व्रणाचा माग काढत चँट्रीच्या दारापर्यंत पोचलं की वाटतं, शोध संपला. खरं तर कोडं इथूनच सुरू होतं. त्या लशीतला विषाणू मुळात कुठल्या जनावराचा, याबद्दल या घराच्या मालकाचा एक ठाम तर्क होता. त्याच्या काळातल्या बहुतेकांनी तो उडवून लावला. पुढे जग लस टोचत राहिलं आणि तो तर्क विसरून गेलं. आता शास्त्रज्ञ पुन्हा त्याच तर्काशी येऊन थांबले आहेत.

चँट्रीत आज जेन्नरचं संग्रहालय आहे. पण घरापेक्षाही लक्षात राहते ती बागेच्या कोपऱ्यातली एक झोपडी. सालीसकट उभे केलेले ओबडधोबड ओंडके आणि वर गवताचं छप्पर. शहरी बंगल्याच्या बागेत कुणी शेतातली खोप आणून ठेवावी, असं दिसतं. रॉबर्ट फेरीमन या पाद्री मित्रानं ती जेन्नरसाठी बांधवून दिली. गावातल्या आणि आसपासच्या गोरगरिबांना जेन्नर इथे फुकट लस टोचत असे. झोपडीचं नाव त्यानं ठेवलं 'टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया'. व्हॅक्सिनिया म्हणजे गाईच्या सडांवर येणाऱ्या देवी, आपल्याकडच्या वैद्यकाच्या पुस्तकांतल्या 'गोस्तन देवी'. म्हणजे मराठीत सांगायचं तर हे गोस्तन देवीचं देऊळ!

मराठी माणसाला या नावाची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. ज्या रोगाला आपण देवीच म्हटलं, ज्याच्या शांतीसाठी शीतळादेवीला साकडं घातलं आणि रोग्याच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, त्याच रोगाच्या धाकट्या बहिणीचं देऊळ एका इंग्रज डॉक्टरनं आपल्या परसात उभं करावं! फरक एवढाच की या देवळात नवस बोलायचा नव्हता, बाही वर करायची होती.

या माणसाला देवीची भीती काय असते हे चांगलं ठाऊक होतं. तो १७४९ साली याच गावात, चर्चच्या पाद्र्याच्या घरी जन्मला. पाच वर्षांचा असताना आईवडील दोघंही गेले. आठ वर्षांचा असताना त्याला देवी टोचल्या. गाईच्या नव्हेत, माणसाच्या, खऱ्याखुऱ्या. रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीत घालायचा, म्हणजे रोग सौम्य येतो आणि पुन्हा होत नाही, ही पद्धत भारतात, चीनमध्ये, तुर्कस्तानात जुनी होती. इंग्लंडमध्ये ती अठराव्या शतकात पोचली. पण इंग्रज डॉक्टरांनी तिला आपली फोडणी दिली. आधी सहा आठवडे रक्त काढायचं, जुलाब द्यायचे, अर्धपोटी ठेवायचं, आणि मग टोचलेल्या मुलांना एका तबेल्यात इतर रोग्यांबरोबर डांबायचं. लहानगा एडवर्ड त्यातून वाचला. तो तबेला मात्र तो जन्मभर विसरला नाही.

पुढे तो लंडनला जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्याच्या हाताखाली शिकला आणि थाटमाट सोडून गावी परतला. औषधं देत, घोड्यावरून खेडी हिंडत, फावल्या वेळात पक्षी पाहत तो राहू लागला. रॉयल सोसायटीचं सभासदत्व त्याला मिळालं ते लशीसाठी नव्हे, कोकिळेच्या कुळातल्या कुक्कू पक्ष्याच्या पिल्लाबद्दलच्या निरीक्षणासाठी. परक्या घरट्यात जन्मलेलं हे पिल्लू घरमालकाची अंडी आणि पिल्लं पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, हे त्यानं पाहून लिहून ठेवलं. कोण कुठल्या घरट्यात मुळात उपरा आहे, हे शोधायची खोड त्याला तेव्हापासूनची म्हणायची.

बर्कलीचं खोरं दूधदुभत्याचं. इथल्या गडद तपकिरी गाईंच्या पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा असतो आणि त्यांच्या दुधाचं ग्लॉस्टर चीज प्रसिद्ध आहे. धार काढणाऱ्यांच्या हातांना कधीकधी गाईच्या सडांवरचे फोड लागत, आणि अशा माणसांना देवी होत नाहीत, असं शेतकरी बोलत. बोलणं जुनं होतं. डॉर्सेट परगण्यातल्या बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्यानं तर १७७४ सालीच, साथ आली तेव्हा, मोजे विणायच्या सुईनं आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईचे फोड टोचले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. जेस्टीनं ते आपल्या घरापुरतं केलं. जेन्नरनं ते पडताळून पाहिलं आणि लिहून काढलं. दोघांतला फरक तोच.

१४ मे १७९६ या दिवशी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन जेन्नरनं आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर दोन बारीक छेद देऊन त्यात घातली. साराच्या हाताला आधी काटा ओरखडला होता, तिथेच ब्लॉसम नावाच्या गाईचा प्रसाद लागला होता. जेम्सला काखेत दुखलं, एक दिवस कणकण आली, डोकं दुखलं आणि मग तो खेळू लागला. १ जुलैला जेन्नरनं त्याला खऱ्या देवी टोचल्या. काही झालं नाही. हे आज कुणी केलं तर त्याला तुरुंगात टाकतील, हेही इथेच नोंदवायला हवं. जेम्स हा मजुरी करणाऱ्या माळ्याचा मुलगा होता आणि त्याला विचारण्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता. पुढे जेन्नरनं जेम्सला गावातच राहायला एक छोटं घर दिलं आणि त्याच्या बागेत स्वतः गुलाब लावले. १८२३ साली जेन्नर गेला तेव्हा जेम्स अंत्ययात्रेत होता.

ब्लॉसमचं भाग्य तर जेम्सपेक्षाही थोर. तिचं कातडं आज लंडनच्या टूटिंग भागात सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. तिची म्हणून दाखवली जाणारी शिंगं इतकी आहेत की एका गाईच्या डोक्यावर ती मावणार नाहीत! आणि तिच्या जातीचं नाव तर जगाच्या भाषांत गेलं. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'व्हॅक्का'. त्यावरून व्हॅक्सिन, व्हॅक्सिनेशन. १८८१ साली लुई पाश्चरनं सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ सगळ्याच रोगांच्या प्रतिबंधक टोचणीला हाच शब्द वापरावा. तेव्हापासून कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनातही गाय आली.

पण या सन्मानात एक गोम होती. जेन्नरला स्वतःला वाटत होतं की हा रोग मुळात गाईचा नाहीच.

त्याचं १७९८ सालचं छोटंसं पुस्तक उघडलं की पहिल्याच प्रकरणात गाईच्या आधी घोडे भेटतात. त्या काळी घोड्यांच्या पायांना, टाचेजवळ, फोड येऊन चिकट पाणी वाहू लागे. इंग्रज शेतकरी त्याला 'ग्रीस' म्हणत. जेन्नरच्या पहिल्या नोंदीतला जोसेफ मेरेट हा १७७० साली एका शेतकऱ्याकडे नोकर होता. घोड्यांच्या पायांना मलमपट्टी करायची आणि वेळप्रसंगी गाईंच्या धारा काढायच्या, अशी दोन्ही कामं त्याच्याकडे होती. आधी घोडे आजारले, मग गाई, मग मेरेटचे हात. पंचवीस वर्षांनी जेन्नरनं त्याला पुन्हा पुन्हा देवी टोचून पाहिल्या, त्या लागल्या नाहीत. जेन्नरचं म्हणणं असं की या परगण्यात धारा काढायचं काम बायकांबरोबर पुरुष गडीही करतात, म्हणून तबेल्यातला रोग त्यांच्या हातांवरून गोठ्यात येतो. ज्या भागात घोड्याचा गडी आणि गाईची गवळण वेगळी असते तिथे गाईंना हा रोग फारसा होत नाही. तर्क एखाद्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याचा शोभावा असा साधा होता.

या तर्काची एक करुण बाजूही पुस्तकात आहे. १७९८ च्या मार्चमध्ये जेन्नरनं जॉन बेकर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला, घोडीच्या पायांमुळे रोग लागलेल्या गड्याच्या हातावरची लस टोचली. म्हणजे मधे गाय नाहीच. पुढची परीक्षा घेण्याआधीच अनाथ-गरिबांच्या आश्रमातला ताप त्या मुलाला लागला आणि त्यात तो दगावला. जेम्स फिप्सचं घर पाहायला मिळतं. जॉन बेकरच्या नावाचं काही पाहायला मिळत नाही.

लंडनच्या डॉक्टरांनी घोड्याचा पू गाईच्या सडांना लावून पाहिला. त्यांना यश आलं नाही आणि त्यांनी जेन्नरचा तर्क निकालात काढला. १८०१ साली यॉर्कशरच्या जॉन लॉय या डॉक्टरला तो प्रयोग साधला, पण तोवर गाईचं नाव सर्वतोमुखी झालं होतं. बर्कलीचा डॉक्टर मात्र शेवटपर्यंत घोड्याला विसरला नाही. १८१७ सालीसुद्धा थेट घोड्याकडून आलेली लस आपण पुढे पाठवल्याची त्याची नोंद आहे. इटलीत मिलानच्या लुईजी साक्को यांनी आणि व्हिएन्नात जाँ द कारो यांनीही गाय आणि घोडा अशा दोन्हींच्या लशी वापरल्या, आणि परिणामात त्यांना फरक दिसला नाही.

मग पाऊणशे-शंभर वर्षं ही लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जात राहिली. शीतकपाट नव्हतं, बाटली नव्हती. माणूस हीच बाटली! १८०३ साली स्पेनच्या राजानं अमेरिकेतल्या वसाहतींना लस पाठवली ती बावीस अनाथ मुलांच्या दंडांतून, आठवड्यागणिक दोन मुलं टोचत. नंतर वासरांच्या पोटावर लस वाढवायची रीत आली. इथे आटली की तिथून मागव, तिथली बिघडली की जवळच्या गोठ्यात फोड आलेली गाय शोध, असं चालायचं. कुठल्या बाटलीत कुणाचा वंश आहे, याची वंशावळ कुणी ठेवली नाही.

त्यामुळे १९३९ साली अ‍ॅलन डाउनी यांनी जे दाखवलं त्यानं सगळे बुचकळ्यात पडले. त्यांनी गाईला होणाऱ्या नैसर्गिक गोस्तन देवीचा विषाणू आणि लशीतला विषाणू शेजारीशेजारी तपासले. दोन्ही एक नव्हतेच! नातलग होते, पण सख्खे नव्हेत. ज्या लशीचं नावच गाईवरून पडलं, तिच्यातला विषाणू गाईत सापडेना. मग तो आला कुठून? देवीच्या आणि गोस्तन देवीच्या विषाणूंचा संकर झाला का? प्रयोगशाळेतच घडत गेला का? बरीच वर्षं नुसते तर्क चालले. देवीला पृथ्वीवरून घालवणारा विषाणू असा बेवारस राहिला.

उत्तराची पहिली किल्ली मिळाली मंगोलियात. तिथे १९७६ साली आजारी घोड्यांकडून घेतलेला अश्व-देवीचा विषाणू जपून ठेवलेला होता. २००६ साली त्याची जनुकं अक्षरन् अक्षर वाचून झाली, तेव्हा तो लशीतल्या विषाणूचा अगदी जवळचा निघाला. दुसरी किल्ली मिळाली अमेरिकेत. फिलाडेल्फियात १९०२ साली बनलेल्या देवीच्या लशीची एक कुपी टिकून राहिली होती. २०१७ साली ती तपासून निघालेला निष्कर्ष असा की त्या विषाणूच्या जनुकांचा गाभा अश्व-देवीशी ९९.७ टक्के जुळतो. म्हणजे निदान त्या कुपीपुरता तरी बर्कलीचा डॉक्टर बरोबर ठरला. घोड्याचा हा रोग मात्र युरोपातून केव्हाच दिसेनासा झाला आहे, त्यामुळे जेन्नरच्या तबेल्यातला प्रत्यक्ष विषाणू पाहण्याची सोय नाही. (कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तर टपालानं मागवलेले डीएनएचे तुकडे जोडून अश्व-देवीचा विषाणू नव्यानं उभा केला, आणि २०१८ साली ते प्रसिद्धही केलं. असं करावं का, यावर तेव्हा बराच वाद झाला.)

घोडाही शेवटचा मालक नसावा, असं आता अनेकांना वाटतं. आणि इथे बर्कलीच्या कुरणांकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवं. या कुरणांच्या काटेरी कुंपणांत, बांधांत मातकट रंगाचे आखूड शेपटीचे रानउंदीर राहतात. गोस्तन देवीचा विषाणू खरा नांदतो तो या उंदरांत. गाय ही वाटेत भेटलेली पाहुणी. आज युरोपात माणसाला हा रोग लागतो तो बहुधा उंदीर पकडणाऱ्या मांजराकडून. गोस्तन देवी ही खरं तर उंदीर-देवी!

या घराण्याचा पसारा मोठा आहे. किडे, पक्षी, मगरी, उंट, मेंढ्या, माकडं, सगळ्यांत त्याच्या शाखा आहेत. विषाणूंच्या जगात हे धिप्पाड लोक. इतर बहुतेक डीएनएवाले विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून तिथली यंत्रसामग्री वापरतात. हे मात्र आपली अवजारं बरोबर घेऊन येतात आणि पेशीच्या ओसरीवरच, केंद्रकाबाहेर, कारखाना थाटतात. १८८६ साली एडिंबरोच्या जॉन ब्यूस्ट यांना लशीतले बारीक ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसले होते, इतके हे मोठे.

गोस्तन देवीच्या विषाणूची संहिता सुमारे सव्वादोन लाख अक्षरांची, या शाखेतली सर्वांत लांब. त्याच्याजवळ अनेक कुलपांच्या किल्ल्या आहेत, म्हणून तो उंदीर, मांजर, गाय, माणूस, कुठेही शिरतो, पण कुठेच फार अनर्थ करत नाही. माणसाच्या देवीचा विषाणू त्याहून आखूड, सुमारे एक लाख शहाऐंशी हजार अक्षरांचा. त्याची कितीतरी जनुकं वाटेत गळून पडली किंवा मोडून पडली आहेत. उरल्या किल्ल्या फक्त एका घराच्या, माणसाच्या. पण त्या घरात तो असा शिरला की एकट्या विसाव्या शतकात सुमारे तीस कोटी माणसं त्यानं नेली, असा अंदाज आहे. आणि त्याच एककल्लीपणामुळे त्याचा नायनाट करता आला. त्याला लपायला दुसरं जनावरच नव्हतं. उंदराचा आसरा शाबूत राहिला असता तर १९७७ साली सोमालियात त्याचा शेवटचा नैसर्गिक रोगी सापडून गोष्ट संपली नसती, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर करता आलं नसतं.

त्याचे सर्वांत जवळचे नातलग दोन. एक उंटाच्या देवीचा विषाणू आणि दुसरा आफ्रिकेतल्या एका उंदरासारख्या प्राण्याचा, जो १९६८ साली आजच्या बेनिन देशात एकदाच सापडला. म्हणून माणसाच्या देवीचा पूर्वजही आफ्रिकेतल्या एखाद्या उंदरात होता, असा तर्क आहे. तो माणसात केव्हा आला, यावर मात्र एकमत नाही. कुणी काही हजार वर्षं म्हणतात, कुणी कितीतरी पट अधिक. इजिप्तचा राजा पाचवा रामसेस याच्या ममीच्या कातडीवर देवीसारखे फोड आहेत, पण त्यात विषाणू असल्याचा जनुकीय पुरावा नाही. पक्का पुरावा आहे तो उत्तर युरोपातल्या व्हायकिंग काळातल्या सांगाड्यांचा. २०२० साली जाहीर झालेल्या या संशोधनात सुमारे चौदाशे ते हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांत आणि हाडांत देवीचा विषाणू मिळाला. नंतर घराघरांत पसरलेल्या देवीपेक्षा तो वेगळ्या फांदीचा होता आणि त्याची तुलनेनं जास्त जनुकं शाबूत होती. किल्ल्या हरवण्याचं काम तेव्हा चालू होतं, असंच म्हणायचं.

चँट्रीतून निघालेली लस आपल्याकडे यायला सहा वर्षं लागली. समुद्रानं येताना ती वाटेतच निकामी होई. अखेर व्हिएन्नाच्या द कारो यांनी ती खुश्कीनं पाठवली. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा आणि तिथून जहाजानं मुंबई. कुठे काचेत बंद करून, कुठे दंडावरून दंडावर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, आणि भारतात घेतली गेलेली ही पहिली लस. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, आणि तिथून देशभर. गंमत अशी की द कारो यांच्याकडची ही लस लोम्बार्डीतल्या गाईंची, मिलानच्या साक्को यांच्याकडून आलेली मानली जाते. म्हणजे मुंबईत उतरली ती बर्कलीची ब्लॉसम नव्हतीच!

मराठीनं मात्र या सगळ्या गोंधळात कुठल्याच जनावराचं नाव घेतलं नाही. फोडातून, जखमेतून झिरपणाऱ्या चिकट पाण्याला आपल्याकडे लस म्हणत, तोच शब्द टोचणीला लागला. इंग्रजीत गाय कायमची बसली आणि आता ती खोटी ठरली तरी उठवता येत नाही. मराठीवर ही वेळ आलीच नाही.

पुढे भारतातही लस जनावरांवर वाढवण्याची केंद्रं झाली. बेळगावच्या टिळकवाडीतलं 'व्हॅक्सिन डेपो'चं मैदान तिथल्या पोरासोरांना क्रिकेटसाठी ठाऊक आहे. देवीची लस तिथे बनत असे, म्हणून ते नाव. आपल्याकडे या कामी म्हशीची रेडकंही वापरली जात. त्यांच्या पोटावरचे केस काढून, कातडी खरवडून लस लावायची आणि फोड पिकले की ती खरडून काढायची.

आता पुन्हा धारा काढणाऱ्यांच्या हातांकडे. म्हशींच्या सडांवर फोड येण्याचा 'म्हैस-देवी' हा रोग १९३४ साली अविभाजित भारतात, लाहोरकडे, प्रथम नोंदला गेला. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रातल्या म्हशींचे नमुने तपासले गेले. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत साथ आली तेव्हा म्हशींबरोबर त्यांच्या मालकांच्या हातांवरही फोड उठले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्याचा तपास केला. हा विषाणू लशीतल्या विषाणूच्याच शाखेतला आहे. लस टोचलेल्या माणसांकडून किंवा लस वाढवणाऱ्या जनावरांकडून तो कधीतरी निसटून गोठ्यात स्थायिक झाला असावा, असा अंदाज आहे. ब्राझीलमध्येही १९९९ साली दुभत्या गाईंत आणि गवळ्यांच्या हातांवर असाच एक भाऊबंद सापडला. ज्याला दोनशे वर्षं घर नव्हतं, त्यानं आपल्या आपण घर शोधलेलं दिसतं.

जेन्नरच्या पुस्तकातलं पहिलं रंगीत चित्र सारा नेल्म्सच्या हाताचं आहे. मनगटाजवळ एक मोठा, मधे खोलगट फोड, कडेला निळसर झाक. संग्रहालयात ते चित्र पाहणाऱ्या कोल्हापूरकडच्या एखाद्या म्हैसवाल्याला त्याची ओळख कुणी सांगावी लागणार नाही. फोड दोन-तीन आठवड्यांत सुकतो, म्हैस सहसा दगावत नाही, हेही तो सांगेल. दूध मात्र आटतं, सड दुखतात म्हणून ती धार काढू देत नाही, आणि घरातल्या माणसांनी तेवढे दिवस म्हशीला हात कुणी लावायचा यावर वाद घालायचा.